मुलं खोटं बोलतात ही लहान अडचण. आधी कोण गैरहजर होतं ते बघा

मित्रांमुळे मुलं सिगारेट, दारू, गांजाकडे वळतात का, यावर प्रबंध लिहिणाऱ्या एका संशोधकाने प्रश्न विचारलाय. तो थोडक्यात असा आहे. सहा शाळांच्या पटावर 13 ते 16 वयाची 1,140 मुलंमुली आहेत. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येकाने शाळेतल्या जास्तीत जास्त पाच जवळच्या मित्रमैत्रिणींची नावं दिली, गेल्या 30 दिवसांत स्वतः सिगारेट, दारू किंवा गांजा घेतला का ते सांगितलं आणि आपले मित्र घेतात का तेही सांगितलं. पहिल्या फेरीत 78 टक्के मुलांनी उत्तरं दिली. आता परीक्षक म्हणतात, "या वयाची मुलं असल्या गोष्टीत खरं कुठे बोलतात? या डेटावर विश्वास का ठेवायचा?"

परीक्षकांची शंका रास्त आहे, पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलंय. तुमच्या प्रश्नावलीत तीन वेगवेगळी मोजमापं आहेत: मैत्री कोणाशी, स्वतःचं सेवन किती, आणि मित्राच्या सेवनाबद्दलचा अंदाज काय. तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी चुकतात आणि तिन्हींच्या चुका निष्कर्षाला वेगवेगळ्या दिशेला ओढतात. "डेटा विश्वासार्ह आहे का" याला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नसतं. शाळेत सिगारेटचं प्रमाण किती एवढंच सांगायचं असेल तर हाच डेटा बऱ्यापैकी चालेल. मित्रामुळे मित्र प्यायला लागतो असं म्हणायचं असेल तर तोच डेटा कमी पडू शकतो.

खोटेपणापासूनच सुरुवात करू, कारण परीक्षक तिथे अडलेत. स्वतः भरलेली प्रश्नावली, वर्गात, शिक्षक बाहेर, पालक दूर, ही परिस्थिती असेल तर मुलं बऱ्यापैकी प्रामाणिक असतात. घरी जाऊन घेतलेल्या मुलाखतींपेक्षा शाळेत भरलेल्या प्रश्नावल्यांत सेवनाचं प्रमाण जास्त निघतं, हा वारंवार आलेला अनुभव आहे. मात्र नेटवर्कच्या, म्हणजे कोण कोणाचा मित्र या जाळ्याच्या, अभ्यासाला एक जादा ओझं असतं. नाव नसलेली प्रश्नावली इथे चालत नाही, कारण कोणी कोणाचं नाव घेतलं हे जुळवायचं असतं. म्हणजे तुम्ही मुलांना गोपनीयतेची हमी देऊ शकता, निनावीपणाची नाही. त्यामुळे नाव फाडून टाकता येईल अशा पहिल्या पानावर, आत फक्त सांकेतिक क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी शाळेच्या हाती न देता वेगळ्या ठिकाणी कुलपात, ही व्यवस्था होती का, हे पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. व्यवस्था नव्हती तर कमी नोंदणीचा धोका मान्य करा.

उलटा खोटेपणाही असतो, त्याकडे लोक कमी बघतात. काही मुलं गंमत म्हणून सगळ्याला "हो" लिहितात. युरोपातल्या ईस्पॅड या शालेय सर्वेक्षणात, जे 1995 पासून दर चार वर्षांनी 15-16 वर्षांच्या मुलांमध्ये होतं, "रेलेविन" नावाचा अस्तित्वातच नसलेला पदार्थ यादीत घातला जायचा. तो घेतल्याचं सांगणाऱ्याची बाकी उत्तरं संशयाने बघायची. अमेरिकेतल्या किशोरवयीनांच्या आरोग्यावरच्या ॲड हेल्थ अभ्यासात शाळेतल्या प्रश्नावलीत कृत्रिम अवयव असल्याचं सांगणारी बरीच मुलं पुढे घरच्या मुलाखतीत तसं काही नसल्याचं आढळलं. तुमच्याकडे बनावट पदार्थ नसेल तर अशक्य जोड्या शोधा: गेल्या 30 दिवसांत गांजा घेतला पण आयुष्यात कधीच नाही, किंवा पहिल्या फेरीत "कधीतरी घेतला" आणि दुसऱ्या फेरीत "कधीच नाही". दुसरा प्रकार एकदोनदा चव घेतलेल्या मुलांत नेहमी दिसतो, त्याला लगेच लबाडी समजू नका. एकच प्यालेली बीअर सहा महिन्यांनी "पिणं" वाटेनाशी होते. नियमित घेणाऱ्याने मात्र असं फिरवलं तर तो फॉर्म बाजूला काढा.

या चुकांचा आकडा किती होतो, ते एका उदाहरणात बघा. 1,000 मुलांत 100 जण खरोखर सिगारेट ओढतात. ओढणाऱ्यांपैकी 80 टक्के खरं सांगतात; न ओढणाऱ्यांपैकी 98 टक्के खरं सांगतात. म्हणजे 80 खरे "हो" आणि 900 पैकी 18 खोटे "हो". एकूण 98, म्हणजे 9.8 टक्के. खरं प्रमाण 10 टक्के. प्रमाण जवळजवळ बरोबर आलं, पण ते दोन चुका एकमेकींवर पडून आलं. व्यक्तीच्या पातळीवर 20 ओढणारे लपलेत आणि 98 पैकी 18 जण खोटे ओढणारे आहेत. आता जोडीवर या. दोघे मित्र खरोखर ओढणारे असतील तर दोघांनीही खरं सांगण्याची शक्यता 0.8 गुणिले 0.8, म्हणजे 64 टक्के. नेटवर्कचा अभ्यास जोड्यांवर चालतो, म्हणून प्रमाणाच्या तक्त्यात न दिसणारी चूक इथे मोठी होऊन बाहेर येते.

वरच्या हिशेबात दोघांच्या चुका स्वतंत्र आहेत असं धरलंय. तसं असेल तर मित्रांमधलं साम्य खऱ्यापेक्षा कमी दिसतं. पण एकाच बाकावर बसलेल्या दोन मित्रांनी एकमेकांकडे बघत फॉर्म भरला, तर चुकाही सारख्याच होतात आणि साम्य फुगतं. म्हणून बसण्याची व्यवस्था हा क्षुल्लक तपशील नाही. आसनक्रमाची नोंद असेल तर शेजारी बसलेल्या जोड्या वेगळ्या काढून साम्य पुन्हा मोजा. फक्त शेजारच्या जोड्यांतच साम्य टिकत असेल तर अर्थ उघड आहे. अर्थात मित्र शेजारी बसतातच, त्यामुळे शेजारी न बसलेले पण परस्परांचं नाव घेतलेले मित्र हाच खरा तुलनागट.

जैविक चाचणी हवी का, असा पुढचा प्रश्न येतोच. लाळेतलं कोटिनीन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) गेल्या दोन-चार दिवसांतलं निकोटिन पकडतं. तुमचा प्रश्न 30 दिवसांचा आहे, त्यामुळे शनिवारी एकदा ओढणारा मुलगा पुढच्या शुक्रवारी "स्वच्छ" निघेल आणि तरी तो खरंच बोललेला असेल. गांजाचे अवशेष लघवीत कधीमधी घेणाऱ्यात काही दिवस, रोज घेणाऱ्यात काही आठवडे सापडतात. म्हणजे चाचणी ही अंतिम न्यायाधीश नाही, तिची खिडकीच वेगळी आहे. एक जुनी युक्ती अशी की उत्तरं भरण्याआधी नमुना घेणार असल्याचं सांगायचं. 1977 मध्ये मुलांच्या धूम्रपानावर झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात त्याने कबुली वाढली होती. पण नमुना तपासायचाच नसेल तर ती फसवणूक ठरते, आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत नैतिक समितीला ते पटवणं अवघड जातं. मी तरी तो मार्ग सुचवणार नाही.

मित्राच्या सेवनाबद्दलचा अंदाज हे तिघांतलं सर्वांत घसरडं मोजमाप. मूल स्वतः घेत असेल तर "सगळेच घेतात" असं त्याला वाटतं. स्वतःचं वागणं मित्रावर चिकटवलं जातं. मग "मित्र घेतात" आणि "मी घेतो" यांच्यातला संबंध खूप मजबूत निघतो आणि तो प्रभाव म्हणून छापला जातो. बाऊमन आणि एनेट यांनी 1996 मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं होतं: मित्राच्या सेवनाची माहिती त्याच मुलाकडून घेतली की संबंध फुगतो. डेनिस कँडल यांनी त्याच्या कितीतरी आधी, 1978 च्या अभ्यासात, दोन्ही मित्रांची स्वतंत्र उत्तरं जुळवली होती आणि साम्यात निवड (आपल्यासारखेच मित्र निवडणं) व प्रभाव (मित्रामुळे वागणं बदलणं) दोहोंचा वाटा साधारण सारखाच असल्याचं म्हटलं होतं. तुमच्याकडे दोन्ही रकाने आहेत, ही तुमच्या डेटाची सर्वांत भक्कम बाजू. ती परीक्षकांसमोर ठेवा. प्रत्येक जोडीसाठी तीन गोष्टींचा तक्ता करा: मुलाचं स्वतःचं उत्तर, मित्राने स्वतःबद्दल दिलेलं उत्तर, मुलाचा मित्राबद्दलचा अंदाज. जिथे मित्र "नाही" म्हणतो आणि मूल "तो घेतो" म्हणतं, तिथे मूल स्वतः घेणारं आहे का ते बघा. अंदाज फेकून देऊ नका. तो मनातल्या समजाचं मोजमाप आहे आणि समजाचाही वागण्यावर परिणाम होतो. फक्त त्याला "मित्राचं सेवन" हे लेबल लावू नका.

आता मैत्रीची नावं. पाचची मर्यादा ही सर्वेक्षणाची सोय आहे. मैत्री पाचवर थांबत नाही. ॲड हेल्थच्या 1994-95 च्या शालेय फेरीत पाच मुलगे आणि पाच मुली अशी दहा नावं देता येत होती. स्कॉटलंडमधल्या 1995 ते 1997 च्या किशोरवयीन मित्र अभ्यासात सहा. आधी एवढंच मोजा: किती मुलांनी पाचही जागा भरल्या? दहा टक्क्यांनी भरल्या असतील तर मर्यादा फारशी चावत नाही. निम्म्यांनी भरल्या असतील तर बरेच दुवे, म्हणजे दोघांमधल्या मैत्रीच्या नोंदी, कापले गेलेत आणि एकतर्फी दिसणाऱ्या मैत्रीतली काही मुळात दुतर्फी असणार, सहाव्या क्रमांकावर राहिलेली. या कारणासाठी एकतर्फी नाव म्हणजे चुकीचं नाव असं धरू नका आणि आपोआप दुतर्फीही करू नका. तीन आवृत्त्या ठेवा: दिलं तसं, दोघांनी घेतलं तरच, आणि कोणी एकाने घेतलं तरी. मुख्य निष्कर्ष तिन्हीत टिकतो का ते बघा.

नावं जुळवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक गडबड तिथेच होते. एकाच वर्गात एकाच नावाची तीन मुलं, टोपणनावं, अर्धवट आडनावं. दोन जणांनी स्वतंत्रपणे जुळवावं, मतभेद तिसऱ्याने सोडवावेत आणि प्रत्येक जुळणीला खात्रीची, अंदाजाची किंवा न जुळलेली असा शिक्का असावा. महत्त्वाचं म्हणजे कोरी जागा, न जुळलेलं नाव आणि शाळेबाहेरचं नाव यांना तीन वेगळे कोड द्या. हे तिन्ही "शून्य" म्हणून भरलेल्या फायली सर्रास फिरतात, आणि मग ज्याची मैत्री आपल्याला वाचता आली नाही तो मुलगा एकलकोंडा ठरतो.

शाळेबाहेरचे मित्र हा वेगळा खड्डा आहे. ज्याच्यासोबत पहिली सिगारेट ओढली जाते तो पुष्कळदा मोठा भाऊबहीण, गल्लीतला थोराड मुलगा, शाळा सोडलेला किंवा प्रियकर-प्रेयसी असतो. तुमच्या यादीत तो नाहीच. त्यामुळे शाळेच्या नकाशात एकटा दिसणारा मुलगा बाहेर मोठ्या टोळक्यात असू शकतो. पुढची फेरी व्हायची असेल तर दोनच प्रश्न वाढवा: "तुझ्या जवळच्या मित्रांपैकी किती या शाळेत नाहीत?" आणि "त्यांच्यापैकी किती तुझ्याहून दोन किंवा जास्त वर्षांनी मोठे आहेत?" नावं लागत नाहीत, संमतीचा गुंता वाढत नाही. फेऱ्या संपल्या असतील तर निष्कर्ष "शाळेतल्या मैत्रीपुरता" आहे हे शीर्षकापासूनच लिहा.

आता 78 टक्क्यांकडे येऊ. माझ्या मते तुमच्या अभ्यासाचा खरा कमकुवत सांधा हाच आहे. साध्या सर्वेक्षणात 78 टक्के प्रतिसाद चांगला मानतात. नेटवर्कमध्ये दोन्ही टोकांनी उत्तर दिलेल्या जोड्या 0.78 गुणिले 0.78, म्हणजे सुमारे 61 टक्केच उरतात. आणखी 34 टक्के जोड्यांत एकाच बाजूचं उत्तर आहे, आणि सुमारे 5 टक्क्यांत कोणाचंच नाही. तिघांचं त्रिकूट पूर्ण माहीत असण्याचं प्रमाण 47 टक्क्यांवर येतं. हा हिशेब गैरहजेरी यादृच्छिक आहे असं धरून केलाय, आणि ती तशी नसते. शाळा बुडवणारी, आजारी पडणारी, निलंबित झालेली आणि पालकांची संमती न आलेली मुलं बाकीच्यांसारखी नसतात. शाळा बुडवणाऱ्यांत सेवनाचं प्रमाण जास्त असतं हे अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणजे गळालेल्या जोड्यांत सेवन करणारे जास्त आहेत.

इथे नेटवर्कचा डेटाच तुम्हाला मदत करतो. न आलेल्या मुलाने काही लिहिलं नाही, पण आलेल्यांनी त्याचं नाव घेतलंय. त्या 251 गैरहजरांसाठी दोन गोष्टी काढा: सरासरी किती जणांनी त्यांचं नाव घेतलं, आणि नाव घेणाऱ्यांपैकी किती टक्के सेवन करणारे आहेत. हजर मुलांसाठीही तेच काढून शेजारी ठेवा. गैरहजरांची नावं घेणाऱ्यांत सेवनाचं प्रमाण स्पष्टपणे जास्त असेल, तर तुमचा नमुना कुठल्या दिशेला झुकलाय ते कळलं. हजेरीपटाचे आकडे मिळाले तर त्याच तक्त्यात घाला. पुढच्या फेरीत गैरहजरांसाठी दोन आठवड्यांच्या आत दुसरी भेट ठेवा. त्याहून उशीर केला तर 30 दिवसांची खिडकीच सरकते.

गैरहजरांना फाईलमधून काढून टाकू नका आणि त्यांच्या ओळीत शून्यही भरू नका. गहाळ म्हणूनच ठेवा. मैत्रीचं जाळं आणि वागणं फेरीगणिक कसं बदलतं याचं मॉडेल करणारं आरसिएनासारखं सॉफ्टवेअर पॅकेज गहाळ दुवे हाताळतं, पण साधारण 20 टक्क्यांपुढे त्याचे आकडे हलायला लागतात. तुम्ही 22 वर आहात. हा सरासरी आकडा असल्याने शाळावार बघा: चार शाळा 85 च्या वर आणि दोन 65 वर असतील तर मुख्य विश्लेषण चार शाळांवर करून उरलेल्या दोन वेगळ्या दाखवणं जास्त सचोटीचं होईल.

पुनर्चाचणीबद्दलही विचारलं जाईल. आठवडाभराने काही मुलांकडून तोच फॉर्म पुन्हा भरून घेतला असेल तर नुसती टक्केवारी देऊ नका. समजा 200 मुलं, दोन्ही वेळा "हो" 3, फक्त पहिल्यांदा "हो" 3, फक्त दुसऱ्यांदा "हो" 3, बाकी 191 दोन्ही वेळा "नाही". जुळणी 97 टक्के, ऐकायला झकास. कापा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वजा करून काढलेला आकडा, काढला तर साधारण 0.48. दुर्मीळ गोष्टीत "नाही, नाही" ची जुळणी फुकट मिळते. दोन्ही आकडे द्या. मैत्रीच्या नावांसाठी मात्र आठवड्यातला बदल ही सगळी चूक नसते, या वयात मैत्री खरंच बदलते.

दोन फेऱ्यांतून "प्रभाव" काढायचा असेल तर आधी जॅकार्ड निर्देशांक काढा: दोन्ही फेऱ्यांत असलेले दुवे भागिले कोणत्याही एका फेरीत असलेले दुवे. पहिल्या फेरीत 500, दुसरीत 480, समाईक 220, तर 220 भागिले 760, म्हणजे 0.29. प्रथा अशी की 0.3 च्या वर आरामात, 0.2 च्या खाली गेलं की दोन फेऱ्यांतलं जाळं एकाचंच पुढचं रूप आहे असं म्हणणं धाडसाचं. आकडा कमी आला तर आधी बघा की दुसऱ्या फेरीत प्रश्नाचे शब्द किंवा नावांची मर्यादा बदलली होती का. आरसिएनाचं मॉडेल चालवल्यावर प्रत्येक घटकाचं अभिसरणाचं टी-गुणोत्तर (हिशेब स्थिरावला का ते सांगणारा आकडा) 0.1 च्या आत आणि एकूण कमाल 0.25 च्या आत हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बदललेल्यांची संख्या मोजा. 190 मुलांच्या शाळेत दहा टक्के म्हणजे 19 सेवन करणारे, आणि दोन फेऱ्यांत वागणं बदललेले कदाचित दहाबारा. एवढ्यांवर एका शाळेचं मॉडेल उभं राहत नाही. मुख्य विश्लेषणातल्या सगळ्या शाळा एकत्र घ्या.

आणि एक खोटी चाचणी जरूर करा. 2008 मध्ये कोहेन-कोल आणि फ्लेचर यांनी ॲड हेल्थच्याच डेटावर त्या काळी प्रचलित पद्धत लावून मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्राकडून मित्राकडे "पसरते" असं निघतं हे दाखवलं. उंची कोणी मित्राकडून घेत नाही. दोष पद्धतीचा होता. 2011 मध्ये शालिझी आणि थॉमस यांनी निरीक्षणाच्या डेटातून सारखेपणा आणि संसर्ग पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत हे गणिताने मांडलं. तुमच्याकडे उंची, जन्ममहिना असं जे काही निरुपद्रवी असेल ते सेवनाच्या जागी घालून तेच मॉडेल चालवा. तिथेही "प्रभाव" आला तर सिगारेटचा प्रभाव छापू नका.

इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणचा डेटा जोडावा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. या कामासाठी नको. फॉलो करणं म्हणजे मैत्री नव्हे, पिण्याचा फोटो टाकणं म्हणजे पिणं नव्हे आणि जे खरंच लपवायचं असतं ते खाजगी खात्यात किंवा गायब होणाऱ्या संदेशात जातं. दिखाव्याचा अभ्यास करायचा असेल तर तो डेटा उत्तम.

एक राहिलंच: ज्याने स्वतः संमती दिली नाही पण ज्याचं नाव दुसऱ्याने घेतलं, त्याच्याबद्दल मित्रांनी दिलेले सेवनाचे अंदाज तुमच्या फाईलमध्ये आहेत. वर सांगितलेल्या गैरहजरांच्या तक्त्यात फक्त नाव घेणाऱ्यांची स्वतःची उत्तरं वापरा, हे अंदाज नाही; आणि तो तक्ता एकूण आकड्यांपुरताच ठेवा. नैतिक समितीच्या मंजुरीत असंमत मुलांची नावं वापरायला परवानगी आहे का ते आधी तपासा. नसेल तर तक्ता करूच नका.

परीक्षकांना द्यायचं उत्तर मग एका तक्त्यात मावतं. मूळ दुव्यांपैकी 10 टक्के यादृच्छिक काढून तेवढेच दुसरीकडे जोडा, हे शंभर वेळा करा आणि दर वेळी मित्रांमधलं साम्य पुन्हा मोजा. मग तेच सेवन करणाऱ्यांचे दुवे मुद्दाम जास्त काढून करा, कारण तुमची खरी गळती तशीच आहे. त्यासोबत सेवनाच्या उत्तरांत वरचा 80 आणि 98 टक्क्यांचा हिशेब घालून बघा. ज्या निष्कर्षाची दिशा या तिन्हींत टिकते तो निष्कर्ष म्हणून लिहा. ज्याची उलटते तो चर्चेच्या प्रकरणात, शक्यता म्हणून.